तुर्कानं उठायचं असतं

क्लीव्हकोम, ७ नोव्हेंबर १९०९

एनॉक,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही हे पत्र तू शेगडीत टाकलं नाहीस, म्हणजे अजून माणसात आहेस म्हणायचा.

घाबरू नकोस, बाबा आहेत. मीही आहे. डुक्कर यंदा चांगलं पोसलंय आणि मागच्या दाराचं बिजागर तू गेल्यापासून तसंच कुरकुरतंय. तुला पत्र घालायचं नाही असं बाबांनी मला बजावलं होतं. मी दोन वर्षं ते पाळलं, कारण मी त्यांच्या छपराखाली राहते. आता लिहायला बसलेय, कारण आपण तसं बजावलं होतं हे त्यांनाच आठवत नाही.

कसं सांगू तुला? आधी वाटलं, वयाचं असेल. किल्ली विसरणं, टोपी विसरणं, ते कोण विसरत नाही! मग सप्टेंबरात ते शिडी घेऊन पार्जेटरबाईंकडे गेले आणि उन्हाळ्यात स्वतःच शाकारलेलं छप्पर त्यांनी निम्मं उचकटून खाली टाकलं. वर म्हणे, ‘कुठल्या आंधळ्यानं केलंय हे काम?’ बाई खाली उभ्या राहून रडतायत आणि हे वरून त्यांनाच धीर देतायत, की काळजी करू नका, मी आलोय ना आता. मी जाऊन हाताला धरून उतरवलं. शिडी सध्या अ‍ॅम्ब्रोज लोहाराच्या भट्टीमागे लपवलीय. रोज सकाळी ती शोधत हिंडतात. मला कधी थर्झा म्हणतात, कधी आईच्या नावानं हाक मारतात. मी दोन्ही हाकांना ओ देते.

आणि रोज दुपारी विचारतात, ‘सेथचं पत्र आलं का?’

हो एनॉक. आपला सेथ त्यांच्या लेखी जिवंत आहे. तिकडे वेल्समध्ये तुझ्याबरोबर कोळशाच्या खाणीत कामाला आहे, शनिवारी पगार घेतो आणि आळशी असल्यामुळे पत्र लिहीत नाही. खाणीचं छत कोसळलं ते त्यांना आठवत नाही. तू त्याची शवपेटी घेऊन गाडीनं आलास ते आठवत नाही. आणि कबरीपाशी सगळ्या गावासमोर ते तुला जे बोलले, ‘माझं धाकटं पोर तुझ्या भरवशावर धाडलं होतं आणि तू मला पेटी आणून दिलीस, पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस,’ तेही नाही. ज्या शब्दांपायी तू घर सोडलंस ते बोलणाऱ्याच्या डोक्यातून गेले रे. आता ते फक्त तुझ्या नि माझ्या कानात उरलेत.

एक गोष्ट मात्र शाबूत आहे. नाताळात घरोघर जाऊन करायची सोंगं. न्याहारी केली की नाही ते सांगता येत नाही, पण जॉर्ज राजाचं, तुर्की सरदाराचं, डॉक्टरचं, सगळ्यांचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. सेथ गेल्यापासून गावात सोंगं निघालीच नाहीत, हेही विसरलेत. काल अ‍ॅम्ब्रोजला जाऊन म्हणाले, ‘नाताळ तोंडावर आला. तालमी कधी धरायच्या?’ त्या बिचाऱ्यानं मान डोलावली.

तू ये. सोंगातली तुझी डॉक्टरची उंच टोपी अजून खुंटीला आहे. तुला बघून ते रागावणार नाहीत, माझा शब्द घे. बिजागराला तेल घालायला म्हणून ये हवं तर, पण ये.

थर्झा


५ डिसेंबर

एनॉक,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. टपाल एवढं लांबून येतं, आणि त्यात चार ओळी! शाई महाग झालीय का तिकडे?

‘ज्यांना काही आठवत नाही त्यांच्या घरात शिरणं म्हणजे मालक झोपलेला असताना शिरणं. सगळं आठवून, जाणूनबुजून त्यांनी ये म्हटलं तरच येईन.’ वा रे वा! अगदी पाद्रीबुवांसारखं बोलायला लागलास. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्राचा बोळा करून फेकला. मग पुडिंगचं पीठ कालवता कालवता मनात आलं, की तुझंही खोटं नाही. तुझा दोष नव्हता, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचंय तुला. ते विसरले म्हणून तू सुटलास, असं नकोय. कळतं मला. पण गाढवा, ते म्हणणारा माणूस रोज थोडा थोडा चाललाय. तू कशाची वाट बघत बसणार?

तुला वाटेल, मी त्यांना खरं सांगत का नाही. सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि असे रडले, की जणू पेटी आत्ता दारात उतरवलीय. मग चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘सेथचं पत्र आलं का?’ दुसऱ्यांदा पाद्रीबुवांच्या सांगण्यावरून सांगितलं, बापाशी खोटं बोलू नये म्हणून. पुन्हा तेच. तसंच कोरं करकरीत रडणं. आपण आपला भाऊ एकदा पुरला, त्यांना मी पुन्हा पुन्हा पुरायला लावला. आता पाद्रीबुवा काही म्हणोत, मी नाही सांगणार. विचारलं की म्हणते, टपालवाला अजून यायचाय.

तालमी सुरू झाल्यात, अ‍ॅम्ब्रोजच्या भट्टीत. सगळे गडी मुकाट्यानं आले. तुझा डॉक्टर अ‍ॅम्ब्रोज करतोय आणि काय सांगू, भयंकर करतो. औषधाची बाटली हातोड्यासारखी धरतो. ‘मी आलो डॉक्टर लांबून, सात समुद्र लांघून,’ एवढं म्हटलं की थांबला घोडा. मग बाबा पुढचं पुरवतात:

‘खोकला, ठसका, गुडघेदुखी, बरगडीतली कळ,
मेलेलाही उठवीन मी, थेंबात एवढं बळ!’

अ‍ॅम्ब्रोज ‘मेलेलाही’ म्हणतो आणि माझ्याकडे बघतो. त्याच्या तोंडून पुढचं निघत नाही. बाबा चिडतात. ‘अरे, राजानं तुर्काला मारला, तू त्याला उठवायचंस, मग सगळ्यांनी गाणं म्हणायचं नि बियर प्यायची. यात घाबरण्यासारखं काय आहे? जाऊ दे. तू आपला आमचा एनॉक येईपर्यंतच.’ असं म्हणतात. तुझं नाव घेतात, एनॉक, आणि ते घेताना कपाळाला आठी नसते.

खरी अडचण तुर्काची आहे. सेथची जागा घेणार कोण? अ‍ॅम्ब्रोजचा मेव्हणा म्हणाला, मी करतो. बाबांनी लाकडी तलवार जमिनीला टेकवली आणि म्हणाले, ‘ती जागा सेथची आहे. नाताळच्या आदल्या दिवशी गाडीनं येतोय तो. तोवर त्याचं मी म्हणतो.’ आणि एनॉक, त्यांनी खरंच म्हटलं. राजा होऊन आव्हान दिलं, मग गर्रकन वळून तुर्काचं उत्तर दिलं, पुन्हा वळून राजा झाले. वार करायचा तेव्हा समोर कुणी नव्हतं. तलवार हवेत थांबली.

गाडी येईल आणि सेथ उतरणार नाही. तेव्हा मी त्यांना काय सांगू? तूच सांग. तिथे बसून सल्ले देतोस ना, मग हाही दे.

थर्झा


२३ डिसेंबर

एनॉक,

तू काही कळवलं नाहीस. मग मीच ठरवलं.

सेथचा तुर्काचा कागदी अंगरखा पेटाऱ्यातून काढला. खालच्या झिरमिळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या नव्या शिवल्या. पार्जेटरबाईंनी भिंतीला लावायच्या रंगीत कागदाचे तुकडे दिले. छप्पर उचकटलं तरी दिले, बाई मोठ्या मनाची. टोपीच्या झिरमिळ्या कपाळावरून हनुवटीच्या खाली येतात, आत कोण आहे ते जन्मदात्यालाही कळायचं नाही. उंचीला मी नि सेथ सारखे. आवाजाचं म्हणशील तर सोंगात सगळेच एका पट्टीत ओरडतात, शेतावरचे कावळे हाकल्यासारखे.

बाईमाणसानं सोंगात जायचं नसतं, ठाऊक आहे मला. अ‍ॅम्ब्रोजचा चेहराच उतरला. ‘थर्झा, गावाला कळलं तर?’ मी म्हटलं, ‘गावाला कळू दे. बाबांना कळायला नको.’ मग म्हणाला, ‘पण तुला शब्द कुठे येतात?’ हसूच आलं मला. तुला नि सेथला बाबा शेकोटीपाशी बसवून एकेक ओळ घोकून घ्यायचे तेव्हा मागे भांडी कोण घासत होतं? मला विचारलं नाही म्हणून येत नाहीत असं थोडंच आहे!

उद्या गाडी येऊन गेली की बाबांना सांगायचं, सेथ उतरला तो थेट अ‍ॅम्ब्रोजकडे कपडे चढवायला गेला. एवढी संध्याकाळ त्यांची गोड होऊ दे. पुढचं पुढे.

उद्याची गाडी तुलाही मिळेल. मिळाली तर बघ.

थर्झा


२६ डिसेंबर

एनॉक,

आधी बस. उभ्या उभ्या वाचू नकोस.

तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला जे सांगायचंय ते त्याहून मोठं आहे, आणि ते जसं घडलं तसं सांगते. एक शब्द पदरचा नाही.

बाबा भट्टीत आले तेव्हा मी कागदात होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘आलास? गाडी रखडली वाटतं. एनॉक नाही आला?’ मी मान हलवली. ‘बरोबर आहे,’ म्हणाले, ‘कागद चढवल्यावर सोंगातलं सोडून बोलायचं नाही. शिकवलेलं विसरला नाहीस.’ आणि पाठीत अशी थाप मारली की मी पुढे ढकलले गेले. तुम्हा पोरांना त्या थापा ऊठसूट मिळायच्या. मला चाळिशीला आल्यावर पहिली मिळाली, तीही दुसऱ्याच्या नावावर. असो.

सोंग करायला गावच्या जमीनदारसाहेबांच्या दिवाणखान्यात गेलो. पाहुणे, पोरंबाळं, नोकर, सगळे भिंतीला लागून उभे. नाताळबाबाचं सोंग घेतलेल्या गड्यानं झाडू मारून रिंगण मोकळं केलं. बाबा आत शिरले आणि एनॉक, काय सांगू! पाठ ताठ, आवाज खणखणीत. शिडी शोधत हिंडणारा म्हातारा तो नव्हेच. मी तुर्काचं उत्तर ओरडले, तो खोटा आवाजसुद्धा कुणाला खटकला नाही. तलवारी आपटल्या. एक, दोन, बरगडीखाली वार. मी पडले.

तुर्क पडला की राजानं तीनदा डॉक्टरला हाक मारायची. पहिली हाक मारली, ‘आहे का कुणी डॉक्टर?’ दिवाणखाना दणाणला. दुसरी मारली ती अर्ध्यात चिरकली. तिसरी आलीच नाही.

अ‍ॅम्ब्रोज वाट बघून आत शिरला, तुझी टोपी घालून. ‘मी आलो डॉक्टर लांबून.’ बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘तू कोण? डॉक्टर तर माझा एनॉक करतो.’ लोक हसले. त्यांना वाटलं, सोंगातलंच आहे.

मग ते माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले. तलवार बाजूला ठेवली. माझ्या छातीवरच्या कागदावर हात ठेवला आणि अगदी हळू बोलले. मला ऐकू आलं, अ‍ॅम्ब्रोजला थोडंफार. इतर कुणाला नाही.

‘सेथ,’ म्हणाले, ‘तू गेलास ना रे. आठवलं मला. छत पडलं. एनॉकनं तुला हातांनी उकरून काढलं. त्याच्या बोटांना नखं नव्हती. पेटी खाली सोडायला त्यानं खिशातून हात काढले तेव्हा मी बघितली त्याची बोटं. बघितली, आणि तरी त्याला बोललो. त्याचा काही दोष नव्हता, पोरा. पण देवावर ओरडता येत नाही ना. म्हणून त्याच्यावर ओरडलो.’

एनॉक, तुझ्या नखांचं मला कुठे माहीत होतं! तू कबरीपाशी खिशात हात घालून उभा होतास आणि मला तुझा संताप आला होता, भाऊ पुरतायत नि हा बाजारात उभा राहिल्यासारखा उभा आहे. तू मला कधी सांगितलं नाहीस. म्हणजे हे मी रचलेलं नाही, हे तुला पटेल. त्यांनी बघितलं होतं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि जाणूनबुजून म्हणाले, दोष नव्हता.

मी तशीच पडून. मेलेल्या तुर्कानं हलायचं नसतं, बोलायचं नसतं. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. वाटलं, टोपी फेकावी, म्हणावं, बाबा, मी थर्झा, हे पुन्हा एकदा बोला, एनॉकला बोलावते, त्याच्यासमोर बोला. पण अंगच हलेना. अ‍ॅम्ब्रोजला काही सुचेना, म्हणून त्यानं तेच केलं जे डॉक्टर करतो. बाटली काढली आणि माझ्या तोंडावर थेंब टाकले. बाबा म्हणाले, ‘राहू दे अ‍ॅम्ब्रोज. मेलेलं पोर उठत नाही.’ त्याला नावानं ओळखलं, बघ. तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. सगळं त्यांच्याजवळ होतं, सेथचं मरण, तू, मी, सगळं.

साहेबांची बायको हसायची थांबली होती. मागच्या गड्यांना वाटलं, सोंग फसलं. अर्ध्यावर सोडलेलं सोंग म्हणजे त्या घराला वर्षभराचा घात, म्हणून त्यांनी घाईनं शेवटचं गाणं धरलं. आणि गाणं सुरू झालं की तुर्कानं उठायचं असतं.

मी उठले.

का उठले, विचारू नकोस. जन्मभर तेच पाहिलंय. गाणं लागलं की तुर्क उठतो. माझे पायच उठले. मी उभी राहिले आणि बाबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा बघता बघता उजळला. कागदासकट मला मिठी मारली आणि ओरडले, ‘उठला! माझा सेथ उठला!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी उभी होते आणि मला कळत होतं, की गेलं. मिळालं होतं ते सगळं गेलं.

घरी येताना ते शीळ घालत होते. काल सकाळी विचारलं, ‘सेथ झोपलाय का अजून?’ सांगितलं, पहाटेच्या गाडीनं कामावर गेला. ‘काम पहिलं,’ म्हणाले.

मी पडून राहिले असते तर, एनॉक? आणखी थोडा वेळ पडून राहिले असते तर? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. पण तू मागितलं होतंस ते त्यांनी दिलंय. मी ऐकलंय. आता तरी ये. एकदा परतलेलं शुद्धीचं मन पुन्हाही परतेल.

थर्झा


१७ जानेवारी १९१०

एनॉक,

हे पत्र तुला शिव्या घालायला लिहिणार होते. शब्दसुद्धा जमवून ठेवले होते. आता ते राहू दे.

शनिवारी दार वाजलं आणि तू उभा. दाढी वाढलेली, कपाळावर कोळसा भरून निळा झालेला व्रण. मी तुझ्या गळ्यात पडणार तेवढ्यात बाबा आतून म्हणाले, ‘कोण आलंय? येऊ दे ना त्यांना आत, बाहेर किती गारठा आहे!’ तू आत आलास. त्यांनी तुला बघितलं, चांगलं निरखून बघितलं आणि म्हणाले, ‘बसा. लांबून आलात वाटतं?’

तुझा चेहरा मी विसरणार नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि तू डोळ्यांनी नको म्हणालास. मग मी चहा ओतून अ‍ॅम्ब्रोजच्या घरी गेले, डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा मागून आणायला. म्हटलं, दोघांना जरा एकटं सोडावं, कुणी सांगावं, ओळखतीलही. परत येते तो तुझी खुर्ची रिकामी, चहा तसाच. बाबा शेकोटी ढवळत बसलेले. मी रस्त्यापर्यंत धावले. गाडीवानाची घोडागाडी वळणावर दिसली. तिथेच उभी राहून तुला वाट्टेल ते बोलले. पुन्हा पळाला, म्हटलं. बापानं ओळखलं नाही तर तासभरही बसवलं नाही ह्याला.

काल जेवताना बाबांनी विचारलं, ‘तो खाणीतला माणूस कुठे गेला गं?’

मी म्हटलं, ‘कोण खाणीतला?’

‘दाढीवाला. भला होता. मी त्याला विचारलं, आमची पोरं माहीत आहेत का? तिकडेच असतात दोघं. म्हणाला, माहीत आहेत. मी म्हटलं, धाकटा कसाय? म्हणाला, छान आहे, सगळ्या खाणीला हसवतो. म्हटलं, ते मला सांगू नका, घरात काय कमी हसवलं त्यानं! आणि थोरला? तर कप खाली ठेवला. मग म्हणतो, थोरल्याचं काही खरं नाही. मला राग आला थर्झा. मी म्हटलं, माझ्या घरात बसून माझ्या एनॉकबद्दल असलं बोलायचं नाही. धाकट्याला मी पाठवलाच नसता. आईविना वाढलेलं पोर ते. एनॉक बरोबर आहे म्हणून पाठवला. तो आहे तोवर सेथच्या केसाला धक्का लागायचा नाही, हे मी लिहून देतो. तर तो टोपी घेऊन उठलाच. रडत होता गं. मी फार बोललो का?’

एनॉक, बाळा, तू हे ऐकून गेलास होय! आणि मी रस्त्यात उभी राहून तुला पळपुटा म्हणत होते.

कबरीपाशी म्हणाले होते तेच हे. तुझ्या भरवशावर पाठवला. तेव्हा ती शिवी होती, आता कौतुक आहे, आणि तुला दोन्ही एकाच जागी लागलं असणार. मी तिथे असते तर त्यांचं तोंड धरलं असतं. की नसतं धरलं? माहीत नाही मला. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काय आहे, ते तुला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. तेच आहे रे. राग गळून गेल्यावर खाली हेच शिल्लक आहे.

ते पुन्हा शुद्धीवर येतील असं मी लिहिलं होतं. तसं मला आता वाटत नाही. आज सकाळी बूट कोणत्या पायात घालायचा, ते विचारलं त्यांनी मला. सेथचंही विचारलं नाही. दुपार गेली, मी वाट बघत होते, पण नाही विचारलं. मला वाटलं होतं, तो प्रश्न थांबला की सुटेन. मी परसात जाऊन रडले.

पण एक विचारतायत. काल दोनदा, आज सकाळपासून चारदा. ‘तो दाढीवाला परत येईल का? मी त्याला फार टाकून बोललो. आपल्या दारात आलेल्या माणसाला रडवून पाठवलं. मला त्याची माफी मागायचीय.’ कोट घालून दारापर्यंत जातात. मी म्हणते, येईल हं. तर म्हणतात, ‘नक्की ना? मला त्याचं नाव माहीत नाही.’

हा प्रश्नही जाईल, एनॉक, थोड्या दिवसांत. जायच्या आत ये. मी तुझं नाव सांगणार नाही, तूही सांगू नकोस. समोर बस. ते तुझी माफी मागतील. ती त्यांना दे. मला ती देता येत नाही.

थर्झा